रांग कोणाच्या अंगणात?



‘राउटरमधील रांगा आणि वेगाची मर्यादा’ हे विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर वाचून काही मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. वसंत ऋतूतल्या संध्याकाळी ऐकण्याचा हा काय विषय आहे, असे त्यांना वाटले असल्यास त्यात त्यांची चूक नाही. परंतु या विषयातील निम्मे ज्ञान आपणांपाशी आधीच आहे, अशी माझी खात्री आहे. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबराने डोंगरपायथ्याचे पाणी ‘नहरे अंबरी’तून या गावात खेळवले, तेव्हापासून आजतागायत पाणी कोठून येते, कोणाला आधी मिळते आणि शेवटच्या घरापर्यंत पोचते की नाही, हा विचार या गावाने केलेला आहे. संगणकांच्या जाळ्यातही प्रश्न हाच असतो. तेथे पाण्याऐवजी संदेश वाहतात, इतकेच.

प्रथम एक प्रसंग सांगतो. या शहरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी पुष्कळ अभ्यासिका आहेत. अशाच एका अभ्यासिकेत मी अधूनमधून जातो. तेथे चाळीस खुर्च्या असून सर्वांना मिळून एकच इंटरनेटची जोडणी आहे. अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती. खेड्यातून आलेली एक मुलगी छायाचित्र आणि प्रमाणपत्रे पाठवू पाहत होती. पान अर्धवट उघडे, थांबे, ‘वेळ संपली’ असे दाखवी. ती पुन्हा आरंभ करी. त्याच वेळी शेजारच्या दोघांचे फोन, त्यांच्या नकळत, साठवलेले सारे फोटो आणि चित्रफिती दूरच्या भांडारात पाठवीत होते. चालकाने हताश होऊन मला सांगितले, “सर, मागच्याच महिन्यात वीसचा वेग पन्नास केला. पैसे वाढले, रड तीच.”

पुढे त्याच अभ्यासिकेतील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने राउटरमध्ये काही फेरफार केले, आणि ती रड थांबली. त्याने केलेली पहिली गोष्ट ऐकून चालक चकित झाला. विकत घेतलेला वेग त्याने मुद्दाम कमी केला होता! पन्नास मिळत असता पंचेचाळीसच घ्यायचा, असे त्याने ठरवले. वेग कमी केल्याने काम लवकर कसे होते, हे कोडे आज आपल्याला सोडवायचे आहे.

आपण एखादे छायाचित्र पाठवतो, तेव्हा ते अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पाकिटात घालून, वर पत्ता लिहून रवाना केला जातो. इंग्रजीत त्याला पॅकेट म्हणतात. आपले ‘पाकीट’ त्याचेच भावंड, म्हणून मी पाकीटच म्हणेन. एका पाकिटात साधारणतः १५०० बाइट मावतात, म्हणजे १२,००० बिट. राउटर हा या पाकिटांचा टपाल कारकून होय. एका दाराने आलेले पाकीट पत्ता पाहून दुसऱ्या दाराने सोडायचे, हे त्याचे काम. सेकंदाला ५० मेगाबिट, म्हणजे पाच कोटी बिट वाहून नेणाऱ्या तारेवर एक पाकीट चढवण्यास सुमारे पाव मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात दुसरे आले, तर त्याला थांबावे लागते. हीच रांग.

येथे एक शंका उद्भवते. तारेची ताकद पुरेशी असेल तर रांग व्हावीच का? याचे उत्तर आगगाडीच्या तिकीट खिडकीवर मिळते. माणसे ठरावीक अंतराने येत नाहीत, घोळक्याने येतात. आगमन केव्हाही होते आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीअधिक असतो, असे धरून गणित मांडले तर काय दिसते पाहा. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर एका गिऱ्हाइकाला जेवढा वेळ लागतो तेवढीच सरासरी वाट पाहावी लागते. खिडकी ८० टक्के गुंतली की ती चौपट होते, ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट! शेवटच्या पाच टक्क्यांत प्रतीक्षा दुपटीहून अधिक वाढते. या शास्त्राचा पाया डेन्मार्कमधील ए. के. एरलांग या गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना घातला. त्याचा पहिला निबंध १९०९ सालचा. तेव्हा प्रश्न टेलिफोनच्या कॉलचा होता. आज तेच गणित पाकिटांना लागू पडते.

आता, पाकिटे पाठवणाऱ्याला पुढे दाटी झाली आहे हे कळते कसे? टपालातील ‘पोच’ आपणांस ठाऊक आहे. येथेही पाकीट पोचले की पलीकडून पोच येते. पोच वेळेवर आली की पाठवणारा हळूहळू वेग वाढवतो. पोच आली नाही, तर पाकीट गहाळ झाले, अर्थी वाटेत गर्दी आहे असे समजून तो वेग उतरवतो. ही शिस्त आरंभापासून नव्हती. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठ आणि जवळच असलेली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यामधील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर अवघे चारशे यार्ड! प्रत्येक यंत्र हरवलेले पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत होते, त्याने गर्दी वाढत होती, आणि गर्दीने आणखी पाकिटे हरवत होती. व्हॅन जेकबसन याने या घटनेचा छडा लावला आणि पोच पाहून पाऊल टाकण्याची शिस्त यंत्रांना लावून दिली; त्याचा निबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. या शिस्तीतील मर्म ध्यानात ठेवावे: एखादे पाकीट टाकून दिले जाणे, हा पाठवणाऱ्याला मिळालेला निरोप असतो. तो वेळेवर मिळाला तरच उपयोग.

हा निरोप उशिरा का मिळतो? घरात पाण्याच्या टाक्या असतात ना, त्याच कारणाने. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले. पैठणचे पाणी पंपाने चढवून शहरात येऊ लागले. तरीही वर्षानुवर्षे नळाला काही काही दिवसांच्या अंतराने पाणी पाहण्याची सवय आपल्याला झाली. मग प्रत्येकाने जमिनीखाली हौद बांधला, गच्चीवर टाकी चढवली. टाकी मोठी केल्याने माझ्या घरी पाणी साठले, हे खरे. पण जलवाहिनीतून येणारे पाणी थेंबभरही वाढले नाही.

राउटर आणि मोडेम करणाऱ्यांनीही स्मरणशक्ती स्वस्त झाली तसे मोठमोठे हौद आत बसवले. पाकीट हरवू नये, हा हेतू चांगलाच होता. परिणाम काय झाला? समजा, हौदात ४ मेगाबाइट, म्हणजे ३२ मेगाबिट मावतात. तार सेकंदाला ५० मेगाबिट नेते. हौद काठोकाठ भरला असेल, तर शेवटी आलेल्या पाकिटाला ३२ भागिले ५०, म्हणजे ०.६४ सेकंद तिष्ठावे लागते. एक पान उघडण्यास दहा वेळा जाणे-येणे करावे लागत असेल, तर सहा सेकंदांहून अधिक काळ नुसता उभे राहण्यात गेला. आणि फोटो पाठवणाऱ्या त्या दोन फोनांना याची दादच नाही. त्यांची पोच उशिरा का होईना येते आहे, पाकीट हरवत नाही, म्हणून ते हौद भरलेला ठेवतात. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाला आपल्या घरच्या जोडणीत हा रोग सापडला, आणि ‘बफरब्लोट’, म्हणजे हौद फुगणे, हे त्याचे नाव रूढ झाले. त्या मुलीचा अर्ज अडला तो येथे. तार अपुरी नव्हती. तिची चार पाकिटे दुसऱ्यांच्या हजारो पाकिटांमागे उभी होती.

परंतु हा फुगलेला हौद होता कोठे? अभ्यासिकेच्या राउटरमध्ये नव्हे. राउटर पाकिटे धडाधड पुढे ढकलत होता. ती साचत होती पलीकडे, सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या पेटीत, जेथे तार खरोखर अरुंद होते. तेथे आपला हुकूम चालत नाही. रांग नेहमी सर्वांत अरुंद जागेपाशी उभी राहते. म्हणून त्या विद्यार्थ्याने युक्ती केली ती अशी, की सर्वांत अरुंद जागा आपल्याच राउटरमध्ये निर्माण करायची. पन्नासच्या तारेवर पंचेचाळीसच सोडायचे. मग पुढच्या पेटीत काही साचत नाही, सगळी रांग आपल्या अंगणात येते, आणि अंगणातल्या रांगेला आपण शिस्त लावू शकतो. पाच मेगाबिट दिले आणि रांगेवरची सत्ता घेतली, असा हा सौदा आहे.

ही मर्यादा राउटर पाळतो कशी? पूर्वी आपल्याकडे काळ मोजण्यास घटिकापात्र असे. बुडाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ठरलेल्या वेळात ती भरून बुडे. छिद्र जेवढे, तेवढाच प्रवाह. राउटरही असेच एक भांडे बाळगतो. पण त्यात पाण्याऐवजी परवान्याच्या चिठ्ठ्या ठरलेल्या गतीने पडत राहतात. पाकीट जायचे असेल तर त्याच्या वजनाइतक्या चिठ्ठ्या भांड्यातून द्याव्या लागतात. चिठ्ठ्या नसतील तर थांबा. काही काळ कोणी काही पाठवले नाही, तर चिठ्ठ्या साठतात. मात्र भांडे भरले की उरलेल्या वाया जातात. याला टोकन बकेट म्हणतात. समजा, एखाद्याला सेकंदाला २ मेगाबिटची गती आणि १० मेगाबिटचे भांडे दिले. तो पाच मिनिटे पुस्तक वाचत बसला, तर भांडे भरलेले असते. मग त्याने ५ मेगाबिटांचे पान मागितले की ते विनाअडथळा येते. तोच मनुष्य तासभर चित्रपट उतरवू लागला की भांडे रिकामे होऊन तो २ मेगाबिटांवर येतो. अधूनमधून थोडे मागणाऱ्याला मर्यादा जाणवत नाही आणि सतत उपसणाऱ्याला जाणवते, ही या भांड्याची खुबी.

चिठ्ठी नसलेल्या पाकिटाचे दोन प्रकारे पारिपत्य करता येते. त्याला रांगेत थांबवून चिठ्ठी येताच सोडायचे, किंवा तेथल्या तेथे फेकून द्यायचे. पहिल्या रीतीने प्रवाह संथ होतो, पण वेळ लागतो. दुसरीत वेळ लागत नाही, पण तेच पाकीट पुन्हा पाठवावे लागते. अभ्यासिकेला पहिली रीत योग्य, मात्र रांग आखूड ठेवून.

रांग अंगणात आली. आता पाळी कोणाची? सर्वांत सोपा नियम ‘जो आधी येईल तो आधी’. तो न्याय्य वाटतो; पण एकाने एक पिशवी आणि दुसऱ्याने बैलगाडी रांगेत उभी केली, तर पिशवीवाल्याला गाडी उतरेपर्यंत थांबावे लागते. दुसरा नियम निकडीचा. पाकिटावर निकडीचा शिक्का मारण्याची सोय आहे. त्या शिक्क्याला सहा बिटांची जागा असून चौसष्ट प्रकार होऊ शकतात. आवाजाच्या पाकिटांना असा मान द्यावा हे रास्त, कारण संभाषणात एका बाजूचा विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो, आणि आवाजाला लागते तरी किती? सेकंदाला शंभर किलोबिटांच्या आतबाहेर. पण शिक्का फुकट मिळत असेल, तर उद्या प्रत्येक जण आपल्या पाकिटावर तोच मारील. साहेबांची चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांचीच रांग मोठी होते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

तिसरा नियम पाळीचा, आणि तो मराठवाड्याच्या शेतकऱ्याला शिकवण्याची गरज नाही. कालव्याच्या पाण्याची शेजपाळी आपण जाणता. पाणी अर्ज मंजूर झालेल्या शेतांना क्रमाने पाळी मिळते, आणि नियम असा की आरंभ चारीच्या शेपटापासून करावा. का? तर तोंडाशी असलेल्याला पाणी केव्हाही सापडते. तोंडापासून आरंभ केला तर शेपटापर्यंत ते पोचतच नाही. या वाटपाचे शास्त्र शिकवणारी ‘वाल्मी’, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, १९८० पासून आपल्याच शहरात पैठण रस्त्यावर उभी आहे.

राउटरमधील शेजपाळीची कल्पना जॉन नेगल याने १९८५ साली मांडली. १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर या तिघांनी तिला गणिताची बैठक दिली. यांतील केशव हे आपल्याकडचे, दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले. प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग करायची आणि राउटरने एकेका रांगेपाशी जाऊन ठरीव हिस्सा उचलायचा. पाकिटे लहानमोठी असतात, म्हणून १९९५ मध्ये श्रीधर आणि वर्गीज यांनी सोपी तोड काढली: या फेरीत हिस्सा पुरला नाही, तर तो पुढच्या फेरीसाठी खात्यावर जमा राहील. या नियमात त्या मुलीच्या चार पाकिटांना हजारोंमागे उभे राहावे लागत नाही. पुढच्याच फेरीत ती निघून जातात. कोणाच्या पाकिटात काय आहे, हे राउटरला पाहावेही लागत नाही. आजकाल बहुतेक पाकिटे कुलूपबंदच असतात.

तरी लबाडीला जागा उरते. एकाच घराने दहा नावांनी दहा नळ घेतले, तर? तसेच एकच संगणक एकाच वेळी पन्नास प्रवाह उघडून पन्नास पाळ्या घेऊ शकतो. म्हणून प्रथम माणशी वा यंत्रावार वाटणी करावी आणि त्या हिश्शात प्रवाहांची. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत ‘केक’ नावाची रांगव्यवस्था हेच करते. शिवाय रांग आखूड ठेवण्यासाठी २०१२ साली कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही रीत दिली आहे. ती रांगेची लांबी मोजत नाही; पाकीट किती वेळ उभे राहिले ते मोजते. शंभर मिलिसेकंदांत एकदाही हा काळ पाच मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर एखादे पाकीट टाकून पाठवणाऱ्याला वेळीच निरोप धाडते.

आता अभ्यासिकेचा हिशेब मांडू. एकंदर मर्यादा ४५. खुर्च्या चाळीस, प्रत्येकीला हमी १ मेगाबिटची, झाले ४०. उरलेले ५ कार्यालयाला. हम्यांची बेरीज एकूण मर्यादेहून मोठी होता कामा नये. नाही तर ती हमी नव्हे, निवडणुकीतले आश्वासन होईल. परंतु कमाल मर्यादा मात्र प्रत्येकाला ४५ चीच ठेवायची. म्हणजे सकाळी दहाच मुले असतील आणि कार्यालय बंद असेल, तर प्रत्येकाला साडेचार मिळतील, आणि एकटाच असेल त्याला सगळे. शेजाऱ्याने न वापरलेले उसने घ्यायचे, त्याने मागताच परत करायचे. ‘प्रत्येकाला १ मेगाबिट, त्याहून अधिक कधीच नाही’ असा आडमुठा नियम पुष्कळ ठिकाणी लावलेला दिसतो. त्यात तार रिकामी पडून राहते आणि माणसेही खोळंबतात.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. बाहेरून आत येणाऱ्या पाकिटांवर आपला हुकूम थेट चालत नाही, कारण ती अरुंद जागा ओलांडून आलेली असतात. त्यांनाही आपल्या दाराशी किंचित कमी वेगाने घेतले, की पोच सावकाश जाते आणि पाठवणारा आपोआप वेग उतरवतो. मात्र या बाजूला मर्यादा थोडी अधिक खाली ठेवावी लागते. दुसरे असे की, तारेचा खरा वेग गर्दीच्या वेळी मोजावा. संध्याकाळी पन्नासचे तीसच मिळत असतील, तर पंचेचाळीसची मर्यादा कुचकामाची. रांग पुन्हा परक्याच्या अंगणात जाते. आणि मुळात चाळीसांना पुरेल एवढी तारच नसेल, तर वाटणीने ती वाढत नाही. न्याय्य वाटपाने टंचाई सुसह्य होते, संपत नाही.

आता शेवटचा मुद्दा. रांग ज्याच्या हाती, त्याच्या हाती सत्ता. अभ्यासिकेतला चालक अर्जाला चित्रपटाच्या पुढे काढू शकतो, तसाच एखादा सेवा पुरवठादार पैसे देणाऱ्या कंपनीची पाकिटे पुढे काढून इतरांची मागे रेटू शकेल. आपल्या देशात हा वाद मोठ्या प्रमाणावर झाला. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली, आणि २०१८ साली केंद्र सरकारने मजकुराच्या बाबतीत भेदभाव न करण्याचे तत्त्व मान्य केले. गर्दीचे वाजवी नियोजन त्यातही चालते. पण ते सर्वांना सारखे हवे आणि जाहीर हवे. शेजपाळीची यादी शेतकऱ्याला पाहायला मिळते म्हणून तो भांडू तरी शकतो. राउटरमधील यादी कोणाला दिसत नाही.

त्या अभ्यासिकेत पुढे एक लहानशी गोष्ट झाली, ती सांगून संपवतो. विद्यार्थ्याच्या सूचनेवरून चालकाने दाराशी एक फळी लावली. एकूण वेग किती, प्रत्येकाची हमी किती, उसने किती मिळेल, आणि मोठ्या चित्रफिती रात्री दहानंतर उतरवाव्यात, एवढे चार नियम तीवर खडूने लिहिलेले आहेत. एका मुलाने, कार्यालयाला पाच कशाला, म्हणून हरकत घेतली. चालकाने ते तीन केले आणि सोडलेले दोन सर्वांच्या वाटणीत घातले. आपणही घरी गेल्यावर, एका फोनवरून मोठी चित्रफीत पाठवीत असता दुसऱ्यावरून कोणाशी तरी बोलून पाहा. आवाज तुटू लागला, तर रांग कोणाच्या अंगणात उभी आहे ते आपणांस कळेल.